‘रस्ते दिसून नाही राहिले’: नव्या नकाशाच्या नोंदी

९ एप्रिल

रात्री अकराला आमचा नागपूरचा नवा नकाशा लोकांच्या फोनवर चालू केला. जुना चित्रांच्या तुकड्यांचा होता. सर्व्हरवर रंगवलेले चौकोन फोनवर जायचे आणि फोन ते फरशीसारखे शेजारी शेजारी लावायचा. नवा वेक्टरचा: फोनवर नुसता कच्चा माल जातो, रंगकाम फोन स्वतः करतो. मूळ डेटा तोच, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचा. त्यावर आमची भर म्हणजे लेआउटमधले, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांतले, प्लॉट नंबर, टँकर भरायचे पॉइंट आणि लोक ज्या नावानं हाक मारतात ती चौकांची नावं.

दिसायला सुरेख आहे, यात वाद नाही. रस्ते पांढरे, जमीन फिकट राखाडी, बागा पुदिन्याच्या रंगाच्या. डिझायनरनं खूप घासलंय त्यावर. सरांनी संत्रा बर्फी आणली होती.

१४ एप्रिल होऊन जाऊ द्या, असं मी एकदा म्हटलं होतं. “अजून पाच दिवस आहेत ना,” एवढ्यावर विषय संपला. नोंद करून ठेवतो.

१० एप्रिल

तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर आला. पहिला सकाळी सात-दहाला, हुडकेश्वरकडे पाण्याचा टँकर चालवणारा भाऊ.

“भाऊ, रस्ते दिसून नाही राहिले.”

मी ठरलेलं उत्तर दिलं, बंद करून पुन्हा चालू करा. त्यानं केलं.

“आता बी नाही दिसून राहिले. पहिले पिवळे होते ना, ते काहून काढले?”

दुपारपर्यंत असेच. “सारा नकाशा धुतल्यावानी झाला.” “माह्यं घर उलटं झालं.” “गल्ल्यायची नावं कोणी खाल्ली?” एका काकूंनी एवढंच विचारलं, की हे दुरुस्त कधी होणार. काय बिघडलंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “ते तुम्हाला माहीत असायला पाहिजे.”

एक पथ्य पाळायचं ठरवलंय. वहीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आपल्या भाषेत आणायचे नाहीत. ‘वापरकर्त्याला नव्या रचनेची सवय नाही’ असं लिहिलं की ती तक्रार तिथंच मेली. ‘धुतल्यावानी’ या शब्दात मात्र काहीतरी सापडण्याची शक्यता आहे.

११ एप्रिल

लक्ष्मीनगरातल्या एका निवृत्त शिक्षिकेचा फोन. आवाज शांत, म्हणून जास्त लागला. “अहो, लक्ष्मीचे तुम्ही तुकडे केलेत. पहिलीच्या मुलानं असं लिहिलं असतं तर मी पुन्हा गिरवायला लावलं असतं.”

फोनवर मराठी नावं लावून बघितली आणि घाम फुटला. ‘लक्ष्मी’त क, ष, म वेगवेगळे, दोघांचे पाय मोडलेले. ‘हिंगणा’ची वेलांटी ह ओलांडून ग च्या अंगावर. ‘त्रिमूर्ती’बद्दल लिहवत नाही.

कारण संध्याकाळपर्यंत कळलं. नवा रेंडरर (नकाशा रंगवणारा प्रोग्रॅम) अक्षरांचे ठसे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेल्या नंबरच्या, क्रमानं २५६-२५६ च्या गठ्ठ्यांत तयार ठेवतो आणि लागेल तो ठसा उचलून ओळीत मांडतो. इंग्रजीला तेवढं पुरतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते पण दिसताना आधी यावी लागते, रफार उडी मारून पुढच्या अक्षरावर बसतो, जोडाक्षराला स्वतंत्र आकार लागतो. ही जुळणी कुणीतरी करावी लागते. जुन्या रेंडररमध्ये ते काम हार्फबझ नावाचं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर करायचं. नव्यात त्या जागी कुणीच नाही.

हे आधी कसं दिसलं नाही? तपासणी सगळी इंग्रजी नावांवर झाली होती. डिझायनरच्या पडद्यावर इंग्रजी, माझ्याही. नागपुरात बसून, मराठी माणसांसाठी, पाचही जण मराठी असताना.

१२ एप्रिल

तोडगा मिळाला: खालचे रस्ते-इमारती वेक्टर राहू द्यायच्या, नावांचा थर तेवढा जुन्याच पद्धतीनं सर्व्हरवर रंगवून, पारदर्शक चित्र म्हणून वर पसरायचा. थोडं जड जाईल, पण लक्ष्मी एकसंध राहील. एक अडचण आहे. नकाशा फिरवला की नावंही त्याच्याबरोबर तिरकी होतात.

त्यावरून ‘माह्यं घर उलटं झालं’ उलगडलं! जुना नकाशा फिरायचाच नाही, उत्तर कायम वर. नवा दोन बोटांनी फिरतो. मोठं करायला बोटं फाकवली, ती जरा तिरकी गेली की अख्खं शहर वळतं आणि माणसाला कळतही नाही. म्हणून फिरवण्याची सोयच बंद केली. दोन तक्रारी एका ओळीत मिटल्या. असं रोज होत नाही.

१४ एप्रिल

आज जे व्हायचं ते झालं. दीक्षाभूमीला आणि संविधान चौकात रात्री बारापासून गर्दी, बाहेरगावच्या गाड्या, वळवलेले रस्ते. लोक नकाशात ‘आरबीआय चौक’ टाकत होते आणि नकाशा म्हणत होता, असं ठिकाण नाही.

पाटीवर संविधान चौक आहे, बरोबरच आहे. पण ऑटोवाल्यांच्या तोंडी आरबीआय चौक अजून जिवंत आहे, कुणी रिझर्व्ह बँक चौकही म्हणतं. सीताबर्डीला अख्खं गाव बर्डी म्हणतं. जुन्या शोधयंत्रात अशा नावांची आम्ही हातानं केलेली यादी होती. स्थलांतरात ती मागे राहिली, कारण ती वेगळ्या फाइलमध्ये होती आणि त्या फाइलचं नाव ‘जुनं_नको’ होतं. नाव मीच दिलेलं.

रात्री दहापर्यंत यादी परत जोडली. तेव्हा त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. यापुढे ही नावं फाइलमध्ये नाहीत, थेट डेटात, पर्यायी नाव आणि जुनं नाव म्हणूनच भरायची.

१७ एप्रिल

टँकरवाल्या भाऊकडे गेलो. फोनवर कितीही ऐकलं तरी ‘दिसून नाही राहिले’ म्हणजे नेमकं काय ते मला समजत नव्हतं. ऑफिसात दिसतात ना रस्ते!

दुपारी साडेबारा. टँकरच्या केबिनमध्ये फोन समोरच्या काचेला चिकटवलेला, उन्हाच्या थेट माऱ्यात. मी वाकून बघितलं तर स्क्रीनवर आधी दिसला माझाच चेहरा आणि त्याच्या शर्टाच्या चौकटी. मागे काहीतरी पांढुरकं. उजेड वाढवायला गेलो तर तो आधीच शेवटाला नेलेला, तरी स्क्रीन मंद. फोन तापला की स्वतःला वाचवायला उजेड आपोआप कमी करतो, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि तापल्या तव्यासारखा फोन हातात घेणं यात फरक आहे. भाऊनं फोन काढला, पाण्याच्या कॅनला गुंडाळलेल्या ओल्या पोत्यावर पालथा ठेवला आणि म्हणाला, “दोन मिनिटं थांबा. थंडा होऊ द्या, मंग दाखवतो.” हे तो दिवसातून कितीदा करतो कोण जाणे.

थंड झाल्यावर त्यानं दाखवलं, आणि मुद्दा निव्वळ उजेडाचा नाही हे तिथं लक्षात आलं. या लेआउटमध्ये गल्ल्यांना नावं नाहीत, पाट्या नाहीत. माणसं फोनवर प्लॉट नंबर सांगतात, तोही निम्म्या वेळा चुकीचा. भाऊ पत्ता पाठ करतो तो असा: “पिवळ्यावरून तिसरा पांढरा, उजवीकडे.” पिवळा म्हणजे लेआउटमधून जाणारा मोठा रस्ता, पांढरा म्हणजे आतला. गेली कित्येक वर्षं तो आमच्या रंगांत पत्ते साठवत होता. नव्या नकाशात सगळेच पांढरे, मोठा रस्ता फक्त दोन पिक्सेलनं जाड. पत्त्यातला ‘पिवळ्यावरून’ हा शब्दच आम्ही काढून घेतला.

परत येताना बसमध्ये गणित केलं. जमिनीचा राखाडी म्हणजे तांबडा-हिरवा-निळा तिन्ही २४२, रस्ता शुद्ध पांढरा. उजेडाचं गुणोत्तर १.१२ ला १. डब्ल्यूसीएजी या, पडद्यावरचं सगळ्यांना नीट दिसावं म्हणून केलेल्या नियमावलीत चित्रातल्या अर्थपूर्ण रेषेला किमान ३ ला १ लागतं. गल्लीच्या नावांचा करडा रंग पांढऱ्यावर २.६८ भरतो, छोट्या अक्षरांना ४.५ हवं. कूलरच्या गारव्यात, वाळ्याच्या वासात बसून निवडलेले रंग आहेत हे.

१८ एप्रिल

डिझायनरला आकडे दाखवले. ती काही बोलली नाही. स्वतःचा फोन घेऊन दुपारी एकला गच्चीवर गेली, बराच वेळ आली नाही. खाली आली तेव्हा चेहरा लाल.

“दादा, तुमचं खरं आहे. पण अर्धंच. जुना नकाशाही मोजला मी. पिवळा रस्ता आणि त्याची फिकट जमीन, त्यांचंही तीन होत नाही. दिसायचा तो कडेमुळे.”

बघितलं. जुन्या नकाशात प्रत्येक रस्त्याला दोन्ही बाजूंनी तपकिरी बारीक कड होती, जेमतेम एक पिक्सेल. नव्यात ती ‘गिचमिड’ म्हणून उडवली होती. मी लगेच पिवळा परत आणा म्हणून ओरडणार होतो, आणि नुसता पिवळा आणला असता तर उन्हात तो तसाच विरघळला असता. रस्ता मोठा की आतला हे कळायला पिवळा हवा, दिसायला कड हवी. दोन्ही कामं वेगळी. हे तिनं शोधलं, माझ्या नावावर जाऊ नये म्हणून लिहून ठेवतो.

२० एप्रिल

‘गल्ल्यायची नावं कोणी खाल्ली’ याचा चोर सापडला. आमच्याच घरातला.

जुन्या नकाशाचे तुकडे २५६ पिक्सेलचे, नव्याचे ५१२ चे. त्यामुळे नव्यातली झूमची १६ वी पातळी म्हणजे जुन्या मोजणीतली १७ वी. आम्ही जुन्या यादीतून ‘गल्लीचं नाव १६ पासून’ हे जसंच्या तसं उतरवलं. नागपूरच्या अक्षांशावर जुन्या १६ ला एक पिक्सेल म्हणजे साधारण सव्वादोन मीटर. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर आठशे मीटरचा परिसर बसायचा आणि तेवढ्यात नावं दिसायची. आता नावं दिसायला लागतात तेव्हा स्क्रीनवर चारशेच मीटर उरतात. महालातल्या गल्लीत उभं राहिलं तर नाव दिसतं पण ती कोणत्या रस्त्याला लागते ते दिसत नाही. मागं जावं तर रस्ता दिसतो, नाव जातं.

नावांचा थर नव्यानं रंगवतानाही आम्ही तोच आकडा ठेवला होता. सगळीकडे एक वजा केला. पाच मिनिटांचं काम, दहा दिवसांचे शिव्याशाप.

२३ एप्रिल

काही जुन्या फोनवर नकाशा निव्वळ पांढरा. वेबजीएल, म्हणजे फोनकडून रंगकाम करून घेणारी सोय, चालत नाही त्यांच्यावर. त्यांना गुपचूप जुना नकाशा देतोय. त्यांच्याकडून तक्रार नाही, उलट एकानं ‘नवीन चांगला आहे’ असं कळवलं.

२६ एप्रिल

आज सरांशी वाद. त्यांचं म्हणणं, लोकांना बदल नकोच असतो, थांबा, सवय होईल. उदाहरणंही दिली. ओपनस्ट्रीटमॅपनं २०१५ मध्ये रस्त्यांचे रंग बदलले, ब्रिटिश धर्तीचे निळे मोटरवे आणि हिरवे हमरस्ते जाऊन लाल-केशरी-पिवळी माळ आली. तेव्हा आरडाओरड झाली, आज त्याच रंगांना लोक मूळ रंग समजतात. गूगलनं २०२३ च्या उत्तरार्धात रस्ते करडे, पाणी हिरवट निळं, बागा पुदिनी केल्या. लोक कुरकुरले, पण वापरायचं थांबवलं कुणी? (आमचा पुदिना कुठून आला ते सांगायला नको.)

सर चुकले असं मला म्हणता येत नाही. वहीत सवयीच्या तक्रारी आहेतच. शोधाची पट्टी वरून खाली आणली म्हणून पहिल्या आठवड्यात लोक तणतणत होते. आता त्या विषयावर एकही फोन नाही, कारण अंगठा तिथंच पोचतो. पण सवय माणसाला होते, उन्हाला होत नाही. आणि अॅपलचा २०१२ चा नकाशा आठवा, तिथं लोकांना सवय लागायची वाट बघितली नाही. आठ-दहा दिवसांत अॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली, कारण नकाशा चुकीचा होता.

शेवटी ठरलं ते असं. तक्रार करणाऱ्याला ‘आधी काय करायचात, दाखवा’ म्हणायचं. दाखवताना हात अडला तर दोष आमचा. दाखवता आलं आणि तरी जुनंच हवं असेल तर तीन आठवडे थांबायचं.

२७ एप्रिल

हा नियम पहिल्यांदा लागला तो माझ्याच लाडक्या कामाला. उभ्या इमारती. बर्डीवर बोटं सरकवली की इमारती जमिनीतून वर येतात, सावल्यांसकट. त्यासाठी मी मार्चभर रात्री जागलो. इतवारीतल्या एका कुरिअरवाल्या पोराला म्हटलं, दाखव. त्यानं दाखवलं: हवी ती गल्ली दोन इमारतींच्या मागे दडलेली, आणि तो इमारतीवर बोट आपटतोय, ती बाजूला होईल म्हणून. “दादा, बिल्डिंग आडवी येऊन राहिली.”

वर त्या उंच्या तरी खऱ्या कुठं होत्या. मजल्याला तीन मीटर धरून केलेला अंदाज, मजले माहीत नसतील तिथं सरसकट दोन. आपल्या गावात झिरो माइलचा खांब उभा आहे, १९०७ ची उंचीची खूण, १०२०.१७१ फूट अशी दशांशाच्या तीन घरांपर्यंत कोरलेली. आणि मी तिथून हाकेच्या अंतरावर अंदाजानं बिल्डिंगा ठोकत होतो.

काढल्या. जरा वाईट वाटलं.

२ मे

कामठी रोड. ऑटोवाले काका दोनदा ऑफिसात येऊन गेले होते, तिसऱ्यांदा मीच त्यांच्याबरोबर बसलो. म्हणाले, “बाबू, तुह्या नकाशात पूल हाये का नाही, तेवढं सांग.”

पूल आहे. एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत डबलडेकर, २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला. खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. गड्डीगोदामला तर चार मजले: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर पूल, त्यावर मेट्रो. वर्धा रोडवर असाच आणखी एक आहे, ३.१४ किलोमीटरचा. नकाशावाल्याला छळायचं असेल तर नागपूर काढावं.

डेटात हे सगळं नीट आहे, प्रत्येकाला थराचा क्रमांक दिलेला. आम्ही तो इमानदारीनं पाळला: सगळ्यात वर मेट्रो म्हणून सगळ्यात वर मेट्रोची केशरी रेघ, सहा पिक्सेल. तिच्या बरोबर खाली पूल, पाच पिक्सेल, पांढरा. सहाच्या खाली पाच, म्हणजे पूल नकाशातून गायब. काका मेट्रोनं जाणार नव्हते, त्यांना वर चढायचं की खालून जायचं तेवढंच हवं होतं. एकदा चुकून वर चढले की मधल्या चौकातली सवारी गेली. “वरून चौक दिसते, उतरता नाही येत. सवारी खालून हात हलवते.”

जीपीएसही इथं कामाचा नाही. आडवा कुठं आहे ते सांगतो, वर की खाली ते भरवशानं सांगत नाही. निळा ठिपका चारही मजल्यांवर एकाच वेळी उभा.

बदल असे केले: मेट्रोची रेघ दोन पिक्सेल आणि तुटक. पुलाला जाड गडद कड. चढाच्या तोंडाशी बाण आणि शब्द, ‘वर’. हा ‘वर’ काकांचाच. आम्ही ‘उड्डाणपूल प्रवेश’ लिहिणार होतो. त्यांनी मान हलवली, “वाचेस्तोवर निघून जाईन ना मी.”

९ मे

दुरुस्त नकाशा चालू. पिवळे मोठे रस्ते, पांढऱ्या गल्ल्या, सगळ्यांना तपकिरी कड, नावं अखंड. सकाळी सात वाजता टँकरवाल्या भाऊला मीच फोन केला. तो म्हणाला, “पिवळा आला. पण हा पहिलेचा पिवळा नाही, हळदीवानी आहे.” विचारलं, तिसरा पांढरा सापडतो का? “सापडते ना.” मग हळद राहू दे.

काही फोनवर अर्धा नकाशा जुना, अर्धा नवा दिसतोय, फोनमध्ये साठवलेले तुकडे शिळे आहेत म्हणून. अंबाझरी तलाव अर्धा फिकट अर्धा निळा. एकानं ‘हे कायम ठेवा’ म्हटलं. तुकड्यांच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा घातला, दोन दिवसांत निवळेल.

२८ मे

नाग नदी दिसत नाही, असा फोन. इतक्या दिवसांत पाण्याबद्दल कुणीच बोललं नव्हतं. उन्हाळ्यात नाल्याकडे बघतो कोण. बोलणारे शंकरनगरचे. २०२३ च्या २३ सप्टेंबरच्या पहाटे अंबाझरी ओसंडला तेव्हा त्यांच्या खालच्या मजल्यात पाणी होतं. तेव्हापासून पावसाळ्याआधी घराजवळचा नाला नकाशात बघून ठेवतात, म्हणाले. कुठून वळतो, कुठल्या पुलाखालून जातो.

उघडून बघितलं. तलाव ठसठशीत, नदीची रेघ मात्र जमिनीच्या रंगात जवळपास मिसळलेली, आणि छोटे नाले झूमच्या १५ व्या पातळीच्या आधी काढूनच टाकलेले, पुन्हा ‘गिचमिड’ या सदरात. लेआउटच्या स्लॅबखालून जाणारे तर कुठंच नाहीत. आमच्या यादीत ते होते, नव्या शैलीत त्यांना रंगच नेमला नव्हता.

डिझायनरला हाक मारली. यावेळी तिनं आधी फोन गच्चीवर नेला, मग निळा निवडला.

५ जून

नाले परत आले: उघडे ठळक, स्लॅबखालचे तुटक. शंकरनगरच्या काकांना पाठवून दाखवलं. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं, इथं वळण डावीकडे हवं. डेटा बघितला, त्यांचं बरोबर होतं.

पिली नदीचा जरीपटक्याकडचा एक तुकडा अजून मधेच तुटतो. तिथं पूल आणि नदी यांचे थर उलटे पडलेत बहुतेक. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन बघतो.